वाचले असे समजून

आमच्या वस्तीत मला नावानं कुणी ओळखत नाही. सगळे ‘कानामात्रा’ म्हणतात. छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली, त्याची ही कमाई. दुकानावरची पाटी असो, थांब्यावरचं बसचं वेळापत्रक असो की शेजारणीनं दारावर चिकटवलेली चिठ्ठी, चूक दिसली की माझ्या बोटांना खाज सुटते. बायको म्हणते, ‘तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, त्यांच्या चुका तेवढ्या दिसतात.’ तिचं हे म्हणणं मी आयुष्यभर हसण्यावारी नेलं.

ही गोष्ट माझ्या चुकीची आहे. ती सांगताना मी स्वतःला फार झोडपणार नाही. स्वतःला झोडपण्यातही एक ऐट असते आणि ती मला आता शोभत नाही.

निवृत्त झालो त्याच वर्षी आमच्या रहिवासी संघानं मला चिटणीस केलं. फुकटात लिहिणारा दुसरा कुणी नव्हता, हे खरं कारण. ‘तुमच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही’ हे सांगायचं कारण. मला अर्थातच दुसरंच खरं वाटलं. संघ नोंदणीकृत. एक सभागृह, त्याला लागून दोन खोल्या, एकशे बारा सभासद आणि एक नियमावली. ती नियमावली म्हणजे एका शाळामास्तरांनी हातानं लिहिलेली चोवीस कलमं. मास्तर कधीच वारले होते, पण प्रत्येक कलमात ‘सर्वांनी गुण्यागोविंदाने’ घालायची त्यांची सवय कागदावर जिवंत होती. ‘सर्वांनी गुण्यागोविंदाने वर्गणी भरावी.’ ‘नळ गुण्यागोविंदाने बंद करावा.’ ते वाचताना माझा जीव नुसता तळमळायचा.

तेवढ्यात नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. सगळ्या नोंदणीकृत संस्थांनी आपली नियमावली नव्या नमुन्यात लिहून, सभेत मंजूर करून दाखल करावी. माझ्यासाठी ती पर्वणीच होती. तीन महिने मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो. सभासदत्व, कार्यकारिणी, गणपूर्ती, सभेची पूर्वसूचना, मतदान, सगळं कलमांत आणि पोटकलमांत घोटून बसवलं. चोविसाची त्रेचाळीस कलमं झाली. गुण्यागोविंदा एकाही ठिकाणी उरला नाही.

फक्त सतराव्या कलमाशी माझं घोडं पेंड खात होतं. मास्तरांनी लिहिलं होतं:

‘गवंडीदादांनी आपल्या घरामागची जागा संघास दिली व सभागृह स्वतः विनामोबदला बांधले. सभागृहाच्या भिंतीने त्यांच्या घराचा उजेड गेला. म्हणून उत्तरेच्या खिडकीच्या खोलीत त्यांच्या पत्नी शिलाईचे मशीन घेऊन बसतील, त्यांची इच्छा असेल तोवर. कोणत्याही कार्यकारिणीने त्यांना उठवू नये.’

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. भिंत वर चढत गेली तशी दादांच्या घराची मागची खिडकी आंधळी झाली. त्या खिडकीतच वहिनी शिवायला बसायच्या. दादा स्वतःच भिंत बांधत होते, स्वतःच्या घरावर अंधार पाडत होते, आणि वीट लावताना म्हणायचे म्हणे, ‘घर काय, झोपायला जायचं. उजेड सगळ्यांच्या कामी येऊ दे.’ सभागृह पुरं झाल्यावर वहिनींचं मशीन उत्तरेच्या खोलीत गेलं आणि तिथेच राहिलं. दादा गेले, वहिनी तिथेच शिवत राहिल्या. वस्तीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावरचे कपडे त्या खिडकीत दुरुस्त झालेले आहेत. माझ्या सदऱ्यांच्या कॉलरी झिजल्या की त्या उसवून, उलटवून, पुन्हा शिवून देतात. झिजलेली बाजू आत जाते, नवी बाहेर येते. कळतसुद्धा नाही.

तरीही ते कलम मला खुपत होतं. नियमावलीत एका माणसाचं मशीन? नाकापेक्षा मोती जड. पण खोडायची हिंमत नव्हती म्हणून मी ते भाषा घासूनपुसून त्याच क्रमांकावर तसंच ठेवलं आणि कच्ची प्रत दाखवायला नोंदणी कार्यालयात घेऊन गेलो.

तिथल्या कारकुनानं पानं उलटली. पहिल्या सोळा कलमांना मान हलवली. माझी छाती फुगत चालली होती. सतराव्याला थांबला आणि त्यानं शेजारच्या टेबलाकडे प्रत सरकवली. ‘हे बघ. शिलाईचं मशीन.’ शेजारचा वाचून हसला, त्याच्या पलीकडची बाई चष्मा लावून बघायला आली. तीही हसली. कारकून म्हणाला, ‘काका, ही संस्थेची नियमावली आहे की घरातल्या सामानाची यादी?’

‘काढू का?’ मी विचारलं.

‘आमची काही हरकत नाही हो. ठेवायचं तर ठेवा.’ त्यानं प्रत परत दिली. त्याच्या लेखी विषय संपला होता.

माझे कान मात्र गरम झाले होते. छत्तीस वर्षं मी लोकांच्या लिहिण्याला हसलो होतो. माझ्या लिहिण्याला कुणी हसण्याची ती पहिलीच वेळ. बाहेरच्या बाकावर बसलो, खिशातलं पेन काढलं आणि सतराव्या कलमावर एक सरळ रेघ मारली. अठराव्याचं सतरावं केलं, एकोणिसाव्याचं अठरावं, आणि असं खालपर्यंत. वहिनींसाठी वेगळा ठराव करून घेऊ, असं मनाशी ठरवलं. ते तेव्हा खरंच ठरवलं होतं, एवढं माझ्या बाजूनं.

पक्क्या प्रतीच्या मंजुरीची सभा भर दुपारी झाली. वीज गेलेली, पंखे बंद, साठ-सत्तर माणसं वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली. आमच्या संघात एक जुनी पद्धत आहे. कागद लांबलचक असला की मागून कुणीतरी ओरडतं, ‘वाचलं असं समजा!’ सगळे हो म्हणतात, आणि इतिवृत्तात ‘वाचले असे समजून मंजूर’ अशी नोंद होते. त्या दिवशी मागून कुणी ओरडलं नाही. मीच म्हणालो, ‘बेचाळीस कलमं आहेत, उकाडा आहे, वाचलं असं समजायचं का?’ जीव सुटल्यासारखे सगळे हात वर गेले. तिसऱ्या रांगेत वहिनींचाही हात वर होता. मग टाळ्या झाल्या आणि संघानं मला एक पेन भेट दिलं.

ठराव राहून गेला. पहिल्या वर्षी विसरलो. दुसऱ्या वर्षी आठवलं, पण आठवलं तर कारण सांगावं लागणार होतं. तिसऱ्या वर्षापासून मी ते न आठवायला शिकलो. वहिनी खोलीत शिवत होत्या, त्यांना कुणी उठवत नव्हतं, मग बिघडलं कुठे? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मलाच माहीत होतं. अशी अकरा वर्षं गेली.

मागच्या वर्षी चौकात चष्म्यांचं दुकान असलेले चष्मेवाले अध्यक्ष झाले. माणूस तरुण, उत्साही, वाईट मुळीच नाही. कुणा दात्यानं संघाला व्यायामाची यंत्रं देऊ केली होती, ती ठेवायला खोली हवी होती. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांनी उत्तरेच्या खोलीचं नाव काढलं.

‘तिथे वहिनी बसतात,’ मी म्हणालो.

‘कुठल्या नियमानं काका?’

मी समोरचे कागद चाळले. ते हसून म्हणाले, ‘नियमात असेल तर दाखवा.’

हे वाक्य माझं. सभागृहाच्या भिंतीवर दुकानाची पाटी लावू द्या म्हणून ते एकदा माझ्याकडे आले होते, तेव्हा चारचौघांत मी त्यांना हेच ऐकवलं होतं. त्यांनाच कशाला, वस्तीत ज्यानं त्यानं हे माझ्या तोंडून ऐकलं आहे. आता माझंच वाक्य माझ्या तोंडावर येऊन आपटलं आणि सगळी बैठक खुसखुसली. खोली तीस दिवसांत मोकळी करावी, असं पत्र द्यायचं ठरलं. पत्र लिहायचं चिटणिसानं. मी ते लिहिलं. एकही चूक नव्हती त्यात.

दुसऱ्या दिवशी वहिनी ते पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, जिने चढून धापा टाकत होती. बायकोनं पाणी दिलं. वहिनींनी पत्र माझ्यापुढे धरलं.

‘भाऊजी, हे वाचून दाखवा. मला बारीक अक्षर लागत नाही आता. चष्मेवाला म्हणाला, नंबर वाढवून उपयोग नाही, भरपूर उजेडात बसत जा.’

माझंच पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर हसल्या.

‘पोरं नवीन आहेत, विसरली असतील. त्यांना सतरावं दाखवा की.’

‘बघतो,’ मी म्हणालो.

‘बघायचं काय त्यात? तुमच्याच कपाटात असेल. माझा माणूस रोज म्हणून दाखवायचा मला. सतरावं तुझं, म्हणायचा.’ मग माझ्या मानेकडे हात करून म्हणाल्या, ‘कॉलर झिजली बघा. पाठवून द्या.’

त्या गेल्यावर बायकोनं भांडं उचललं नाही. ‘सतरावं कुठंय?’ तिनं विचारलं. तिच्याशी खोटं बोलायची सोय नाही. मी सगळं सांगितलं. तिनं माझी चप्पल पायानं पुढे सरकवली. मग म्हणाली, ‘आत्ता उठा, चप्पल घाला, तिला गाठा आणि सांगून मोकळे व्हा.’

‘मी दुरुस्ती आणतो ना. रीतसर. नवीन कलम घालू, चव्वेचाळिसावं... नाही, त्रेचाळिसावं.’

‘म्हणजे तिचंच तिला दान करणार?’

मी चिडलो. तुला नियमातलं काय कळतं, असं काहीबाही बोललो. चूक आपली असली की माझा आवाज चढतो, हे तिला ठाऊक आहे. ती आत निघून गेली.

दुरुस्तीची रीत मीच लिहिलेली. विशेष सभा, एकवीस दिवस आधी लेखी सूचना, हजर सभासदांपैकी तीन-चतुर्थांश मतं. मी मसुदा केला, सूचक म्हणून स्वतःची सही केली आणि फलकावर लावला. अध्यक्षांनी आडकाठी केली नाही. ‘सभेला ठरवू दे काका, यंत्रं दुसरीकडे बघू,’ म्हणाले. एवढं सोपं होतं ते. मला वाटलं, सुटलो. झिजलेली बाजू आत, नवी बाहेर.

त्यातून आणखी वाईट गोष्ट झाली. लोक माझं कौतुक करायला लागले. वाण्याच्या दुकानात, बसथांब्यावर, जिथे तिथे. ‘कानामात्रांच्या मनात एवढी माया असेल असं वाटलं नव्हतं हो!’ मी मान खाली घालून ‘छे, छे’ म्हणायचो आणि लोक म्हणायचे, ‘बघा, किती विनय!’ मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या एकवीस दिवसांत कळलं. पण तोंड उघडावंसं मात्र वाटलं नाही. शेवटी काम होतंय ना, असं मी स्वतःला बजावत राहिलो.

विशेष सभेला चांगली गर्दी होती. मी दुरुस्ती वाचून दाखवली, एका निवृत्त नर्सबाईंनी अनुमोदन दिलं आणि वर म्हणाल्या, ‘चिटणिसांना मानलं पाहिजे. आमच्या कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं.’ टाळ्या पडल्या. अध्यक्ष मतदान घेणार तेवढ्यात तिसऱ्या रांगेत वहिनी उभ्या राहिल्या.

‘भाऊजी, हे नवीन कशाला करताय? सतरावं आहे की.’

अध्यक्षांनी नियमावली उघडली. ‘वहिनी, सतरावं खुर्च्यांचं आहे. सभागृहातल्या खुर्च्या बाहेर नेऊ नयेत.’

लोक हसले. वहिनी हसल्या नाहीत. ‘खुर्च्यांचं अठरावं,’ त्या म्हणाल्या. ‘सतरावं माझं. भाऊजींना विचारा.’

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. एक वाक्य पुरे होतं. ‘मी काढलं.’ दोन शब्द. बायको दोन रांगा मागे बसली होती, तिनं मला बघता यावं म्हणून मान किंचित पुढे केली. मी तोंड उघडलं, आणि त्या कार्यालयातलं हसू मला पुन्हा ऐकू आलं. इथे तर सत्तर जण होते.

‘होतं,’ मी म्हणालो. ‘पण नव्या नमुन्यात बसत नव्हतं. नोंदणी कार्यालयानं ते काढायला लावलं.’

किती सहज निघालं ते तोंडातून! अकरा वर्षं जणू जिभेखाली तयारच होतं.

‘सरकारनं काढायला लावलं?’ वहिनींनी विचारलं.

‘हो.’

त्या उभ्याच राहिल्या. मला वाटलं, आता बसतील. मतदान होईल. खोली राहील.

‘मग परत नका घालू,’ त्या म्हणाल्या. ‘सरकारनं एकदा नको म्हटलंय, तुम्ही पुन्हा घालणार. उद्या त्यांनी नोंदणीच काढून घेतली तर? माझ्या माणसानं बांधलंय हे. माझ्यापायी त्याला बट्टा नको.’

‘तसं काही होणार नाही वहिनी,’ अध्यक्ष म्हणाले, पण त्यांनाही खात्री नव्हती. ते माझ्याकडे वळले. ‘होईल का काका?’

मी म्हणालो, ‘सांगता येत नाही.’ खोट्याला टेकू दुसऱ्या खोट्याचाच लागतो.

‘माझ्याच्यानं खोली सोडवत नाही असं नाही,’ वहिनी म्हणाल्या. ‘सोडते मी. राहू द्या.’ आणि बसल्या.

अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, ‘सूचक काय म्हणतात?’

ही दुसरी संधी होती. देव एवढ्या संधी सगळ्यांना देत नाही.

‘मागे घेतो,’ मी म्हणालो.

घरी जाताना बायको माझ्या पुढे चालत होती. ती नेहमी माझ्या बरोबरीनं चालते.

महिनाअखेरीला खोली मोकळी झाली. चार माणसांनी मशीन उचललं. वहिनींनी खिडकीची चौकट ओल्या फडक्यानं पुसली, जमिनीवरच्या टाचण्या चुंबकानं गोळा केल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. ‘पोच द्या भाऊजी. नियमात आहे ना, किल्ली परत केली की पोच घ्यायची?’ होतं. मीच घातलं होतं. संघानं भेट दिलेल्या पेनानं मी त्यांना पोच लिहून दिली. त्यांनी ती डोळ्यांशी धरून बघितली, मग न वाचताच कमरेच्या पिशवीत ठेवली. मशीनमागोमाग मीही त्यांच्या घरापर्यंत गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत शिरल्याबरोबर वहिनींनी दिवा लावला. मागच्या खिडकीतून हातभरावर सभागृहाची भिंत दिसत होती. गवंड्याचं काम मला कळत नाही, पण विटांची ओळ अगदी सरळ होती.

त्यानंतरही मी कधीही जाऊन सांगू शकलो असतो. माझ्या घरापासून त्यांचं घर दोनशे पावलांवर आहे. रोज सकाळी मी दूध आणायला त्यांच्या दारावरून जायचो, आणि काही दिवसांनी मी पलीकडच्या गल्लीनं जायला लागलो. दूध तेच, गल्ली लांबची. शेपूट घालणं याला म्हणतात.

मग सदरा आला. बायकोनं माझा कॉलर झिजलेला सदरा वहिनींकडे दिला होता. मला न विचारता दिला होता. तो परत आला तेव्हा तिनं तो माझ्या कागदांवर आणून ठेवला आणि निघून गेली. कॉलर उलटवलेली होती, पण शिवण वाकडी गेली होती. मध्ये एकदा उसवून पुन्हा घातलेली, तरी वाकडीच. एका टोकाला कापड टाक्यात आलंच नव्हतं. चाळीस वर्षं त्या बाईची शिवण पट्टीनं आखल्यासारखी असायची. मी सदरा उजेडात धरून किती वेळ बघत होतो कोण जाणे. उभ्या जन्मात चूक दिसल्यावर गप्प न बसलेला मी, त्या दिवशी अक्षर बोललो नाही. ही चूक त्यांची नव्हती. ती माझ्या हस्ताक्षरातली होती.

त्याच दुपारी मी विशेष सभेचं इतिवृत्त लिहायला घेतलं. ते मी महिनोन् महिने टाळलं होतं. जे घडलं ते क्रमानं लिहिलं आणि खाली लिहिलं: ‘चिटणिसांनी सभेत सांगितले की सतरावे कलम नोंदणी कार्यालयाने काढायला लावले. हे खरे नाही. कार्यालयाची हरकत नव्हती. तेथील लोक हसले म्हणून चिटणिसांनी ते स्वतः काढले व कुणास सांगितले नाही.’ लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं. सर्वसाधारण सभेत इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. वाचलं की सांगून होईल. सभा वर्षातून दोनदाच, हाही माझाच नियम. तीन महिने होते अजून. मी थांबलो. लिहिलंय म्हणजे सांगितल्यासारखंच आहे, असं मी धरून चाललो.

सभेचा दिवस आला. विषय पहिला, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. मी उभा राहिलो. ‘मागील विशेष सभा,’ एवढं वाचलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, ‘वाचलं असं समजा!’

‘समजलं,’ चार-पाच आवाज आले.

‘कुणाची हरकत?’ अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.

मला काय वाटलं ते लपवून आता उपयोग नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. सगळं कागदावर होतं, सही होणार होती, आणि कुणी ऐकणार नव्हतं. मी मान्य केलं होतं आणि कुणाला कळलं नव्हतं. यापरतं सोयीचं काय? मी खाली बसायला लागलो. गुडघे वाकलेसुद्धा.

‘मी नाही वाचलं.’

तिसऱ्या रांगेत वहिनी उभ्या होत्या. पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून. ‘मला आता अक्षर दिसत नाही. वाचा भाऊजी.’

मी वाचलं. सगळं. ‘हे खरे नाही’ पाशी थांबून पाणी प्यालो, पुन्हा वाचलं. संपलं तेव्हा पलीकडच्या खोलीतून कुणाच्या तरी धावण्याच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग कुणीतरी जाऊन ते बंद केलं. नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, पण तिथे फरशी होती, दादांनीच बसवलेली.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ‘वहिनी, खोलीचा पुन्हा विचार करता येईल. यंत्रं हलवता येतील. आज ठराव...’

‘मशीन पुतणीला देऊन टाकलं,’ वहिनी म्हणाल्या. ‘सुईत दोरा जात नाही आता. खोली घेऊन काय करू?’

मग त्या माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे म्हणजे मी होतो त्याच्या जरा डावीकडे.

‘तेव्हाच येऊन विचारायचं होतं ना भाऊजी. लोक हसतात म्हणाला असता, तर मीच म्हटलं असतं, काढा. मी काय भांडले असते होय तुमच्याशी?’

मी इतिवृत्ताची वही मिटली. वहिनी रागावलेल्या दिसत नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘घ्या, पुढचा विषय घ्या,’ म्हणाल्या आणि चाचपत खाली बसल्या.

पुढचा विषय खुर्च्यांचा होता. कुणीतरी सभागृहातल्या दोन खुर्च्या घरी नेल्या होत्या आणि परत आणल्या नव्हत्या. अध्यक्षांनी विचारलं, ‘काका, हे कितव्या कलमात येतं?’

माझ्यापुढे छापील नियमावली सतराव्या कलमाशीच उघडी होती.

‘अठराव्या,’ मी म्हणालो.